छातीतलं यंत्र आणि पोटातली गोळी

आईच्या पोटात कुठेतरी रक्त झिरपत होतं. शौचाला डांबरासारखं काळं होई, चेहरा पांढराफटक, आणि दर महिन्याला रक्ताची बाटली. वरून दुर्बीण घातली, खालून घातली, काही सापडलं नाही. उरलं होतं लहान आतडं. त्यासाठी कॅमेऱ्याची गोळी गिळायची. ती आत फिरत फोटो काढते आणि कमरेच्या पट्ट्यातल्या डबीकडे पाठवते.

पण आईच्या छातीत पेसमेकर. ते ऐकताच गोंदियातले आमचे पोटाचे डॉक्टर खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकले. गोळीच्या लहरींनी मशीन बिघडेल म्हणाले. कुणाचं बिघडलेलं पाहिलंत का, असं मी विचारलं, तर त्यांनी गोळीच्या माहितीपत्रकातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून तरी बघा म्हटलं, तर उत्तर आलं, "रिस्क कौन लेगा, सर?" रक्त वाहत राहण्यात जोखीम नव्हती, कारण त्यासाठी कुठल्याही कागदावर यांची सही लागत नव्हती. या भेकड माणसाला साधा नमस्कार करायचीही मला लाज वाटू लागली.

तिसऱ्या खेपेलाही त्यांचं तेच पालुपद चालू असताना कुठेतरी फोन वाजला. आईने शांतपणे पोलक्यात हात घातला, डावीकडे, बरोबर पेसमेकरवर. मोबाईल काढला, गावाकडच्या, अर्जुनीच्या शेजारणीला नंतर बोलते म्हणाली आणि परत तिथेच ठेवला. डॉक्टर खुर्चीतून पुढे वाकून बघू लागले.

"फोन तिथं काऊन ठेवते?" मी विचारलं.

"चार वर्षं झाली, इथंच ठेवून राहिली. तुहा फोन आला का समजला पाहिजे ना."

डॉक्टरांनी फोन छातीपासून दूर ठेवायला सांगितलं आणि मुकाट्याने नागपूरला चिठ्ठी लिहिली. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी पेसमेकर तपासला, मॉनिटर लावला, आणि अशा पेशंटना आम्ही गोळी देतोच म्हणाले. आईने ती घोटभर पाण्यासोबत गिळली. दिवसभर ठोका चुकला नाही. आतड्यातली रक्त गळणारी जागा सापडली, नंतर ती बंदही केली.

डॉक्टरांना मी आजही भेकडच म्हणतो. पण पेसमेकर बसल्यापासून, मशीन बिघडेल म्हणून आईला मिक्सरला हात लावू न देणारा शहाणा मीच होतो. आणि रोज संध्याकाळी सात वाजता तिच्या छातीवर फोन वाजवणाराही मीच. ती तो ठेवते कुठे, हे चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.