चासाचा खरा निळा

सत्तरच्या दशकात मी पूर्णेला रेल्वेत नोकरीला होतो. माय आमच्याजवळ क्वार्टरात राहायची. दसऱ्याला सोनं वाटायच्या आधी शुभ म्हणून चास, म्हणजे नीलकंठ पक्षी, बघायचा, हा तिचा नेम होता. चास बसलेला असला की मातकट दिसतो, पण उडाला की पंखांतला निळा रंग असा उघडतो की माणूस चालता चालता थांबतो.

एका वर्षी ओसरीवर पाय घसरून तिच्या मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, "आता चालवा यांना. नाहीतर खाट कायमची धरतील." तोवर दसरा येऊन गेला होता आणि चास दिसला नव्हता.

"यंदा चास दिसला न्हाई. आता माझं उठणं न्हाई," असं म्हणून तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

मला भयंकर राग आला. जिनं भर उन्हात कापूस वेचत आम्हाला वाढवलं, ती एका पाखरापायी हातपाय गाळून बसली होती! रागापेक्षा भीती जास्त होती, हेही खरं. मी म्हणालो, "तू जात नाहीस ना, मग चासच तुझ्याकडं आणतो."

रजा टाकली आणि मित्राचा कॅमेरा व लांबची लेन्स मागून आणली. माणूस दिसला की चास उडतो, पण बैलगाडीला तो भीत नाही. म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याच्या गाडीत कडब्याआड बसून मी क्वार्टरासमोरच्या रेल्वे फाटकाजवळच्या तारांखाली रोज सकाळी फेऱ्या मारू लागलो. दुपारच्या उन्हात रंग फिका पडतो आणि संध्याकाळी पिवळा, म्हणून सकाळचीच वेळ धरली. लोक हसले. हसू दे म्हटलं.

रंगीत रोल गार्डाच्या हाती हैदराबादला धुवायला जायचा. रंग बिघडू नये म्हणून मी एक शक्कल लढवली. माझं स्वच्छ धोतर गाडीला बांधून पहिला फोटो त्याचा घेतला आणि सोबत चिठ्ठी दिली, 'हे पांढरं दिसेल असे रंग ठेवा.' स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

फोटो आले. पंख पूर्ण उघडलेला चास मिळाला होता, पण रंग हिरवट, मळका. मायनं एक नजर टाकली.

"ह्यो कशाचा चास? पोपट वाटायलाय. मला उगी फसवू नको."

गावातला स्टुडिओवाला म्हणाला, "द्या इकडं, ब्रशनं निळा करून देतो." मी साफ नाही म्हटलं. मायला खोटा रंग दाखवायचा नव्हता.

चूक सापडली ती मोरीत. बायको माझं धोतर बादलीत बुडवत होती आणि पाणी चांगलंच निळं होतं. मी कपाळावर हात मारला. नीळ घातलेल्या धोतराला पांढरं करायचं म्हणून हैदराबादवाल्यानं सगळ्या रोलातला निळा कमी केला होता! त्यात चासाचा निळाही गेला.

"सासूबाईच्या चासासाठी आता माझ्या धुण्यात खोड काढा तुमी," बायको म्हणाली.

दुसऱ्या खेपेला धोतर नको म्हटलं. तारांखालच्याच शेतात कापूस फुटला होता. एक टपोरं बोंड उन्हात धरून पहिला फोटो त्याचा घेतला, आणि पुन्हा कडब्याआड बसलो. चास पुन्हा पंख उघडेपर्यंत कितीतरी सकाळी रिकाम्या गेल्या. माझी रजा संपली, तेव्हा ड्यूटीच्या आधी जाऊ लागलो. सोडायचं नाही एवढंच ठरलेलं होतं.

ते फोटो आले तेव्हा मी पाकीट आधी फोडलंच नाही, तसंच मायच्या हातात दिलं. तिनं फोटो उजेडाकडं धरला. माझा जीव टांगणीला लागला.

"ह्योच," ती म्हणाली. मग डोळे बारीक करून, "कुठं बसतो म्हणालास?"

"फाटकाजवळच्या तारंवर."

"खरंच एवढा निळा हाय का, बघायला पाहिजे. उठव मला."

बायकोनं एक बगल धरली, मी दुसरी. कण्हत, आम्हाला शिव्या देत ती दारापर्यंत आली. समोर फाटकाजवळची तार रिकामी होती. मला रडूच आलं.

"येईल की उद्या," माय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती काठीच्या आवाजानं. कुणालाही हाक न मारता ती दाराकडं निघाली होती.