कच्च्या दोऱ्याची शिवण

शिडं शिवणाऱ्या काकूंचा हात मोठा पक्का. फक्त मधली एक शिवण मात्र त्या मुद्दाम कच्च्या दोऱ्याने घालत. गलबताच्या तांडेलाला वाटे, म्हातारी चिकट आहे; पण तोंडावर बोलायची कोणाची टाप होती!

एकदा मात्र तो तणतणतच त्यांच्या खोलीत शिरला. "काकू, ऐन वादळात तुमचं शीड मधोमध उसवलं!"

काकूंनी सुईवरची नजरही काढली नाही. "आणि डोलकाठी?"

"ती धड आहे."

"माणसं?"

"सगळी घरी पोचली."

"शीड उसवलं नसतं, तर वाऱ्याने काठीच मोडली असती. मग भांडायला कोण आलं असतं, तुझं भूत?"

तांडेलाने सोबत आणलेलं शीड पसरलं आणि काकूंपुढे दोरा धरला. कच्चाच.