सुमनकाकूंचा डाव

टोकियोकाका जपानातल्या व्हिडिओ गेमच्या लढाईबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणायचे. "जगात आम्ही आधीच हरलो होतो. जपानात मात्र उशिरा हरलो," हे अशा थाटात सांगायचे, की उशिरा हरणं हाही पराक्रमच वाटावा. तेव्हा तिथे दोन-तीन कंपन्यांचे कन्सोल एकमेकांच्या उरावर बसले होते. काका पुण्याहून गेले ते नेमके हरणाऱ्या कन्सोलसाठी गेम लिहायला. तो बंद पडला, नोकरी गेली, आणि पुढे कधीतरी ते इथे ऑस्ट्रेलियात, वेरिबीत आमचे शेजारी झाले.

जिंकलेल्या कंपनीचं नाव त्यांच्या घरात घ्यायची सोय नव्हती. माझी मुलगी एकदा तिचा नवा कन्सोल दाखवायला घेऊन गेली, तर म्हणाले, "छान आहे बेटा. शत्रूचा आहे, पण छान आहे."

"नो वरीज, काका," ती म्हणाली.

त्यांचा स्वतःचा जपानी कन्सोल टीव्हीखाली असे, शेजारी विटेएवढा ट्रान्सफॉर्मर. रोज चहा झाला की ते तो लावायचे, साठवलेल्या डावांच्या यादीत 'सुमन' हे नाव बघायचे आणि बंद करायचे. सुमनकाकू टोकियोतच वारल्या. त्यांचा अर्धवट डाव काकांनी कधीच उघडला नव्हता. "तिची खोली आहे ती. न विचारता कसं शिरायचं?"

ती यादी एका नाण्याएवढ्या बॅटरीवर टिकून होती. बॅटरी बदलायची तीही कन्सोल चालू ठेवून, नाहीतर सगळं पुसलं जाणार. काका हॉस्पिटलात गेले तेव्हा ती संपत आली होती. "चालू ठेवूनच बदल रे, एवढं कर," माझं मनगट धरून ते म्हणाले. मी कारखान्यात इलेक्ट्रिशियन. काहीही उघडण्याआधी वीज बंद, हा नियम वीस वर्षांत हाडात भिनलेला. झाकण काढायला बसलो आणि हात आपसूक भिंतीवरच्या बटणाकडे गेला. नवी बॅटरी घालून कन्सोल लावला, तर यादी कोरी.

काका शुक्रवारी घरी येणार होते. मी दोन दिवस रजा टाकली, त्यांच्या घरात बसून तोच गेम 'सुमन' या नावाने खेळलो. काकू कुठवर पोचल्या होत्या कोण जाणे! चौथ्या टप्प्यावर थांबलो.

शुक्रवारी काकांनी यादी बघितली. बंद करायला हात गेला आणि थांबला. "आज उघडू या. पुन्हा वेळ मिळेल न मिळेल."

चौथा टप्पा पडद्यावर आला. काका बघतच राहिले.

"एवढी पुढे गेली होती? मला कधी बोलली नाही."

सांगायला हवं होतं. मी कंट्रोलर उचलून त्यांच्या हातात दिला.

त्यानंतर दोन महिने ते रोज तो डाव थोडा थोडा खेळले. मला शेजारी बसवून, पडद्याकडे बोट करून म्हणायचे, "बघ, औषधाच्या बाटल्या कशा राखून ठेवल्यात. अशीच होती ती."

काका गेले आणि त्यांच्या लेकीने कन्सोल मला दिला. मी तो लावतो, नाव बघतो. सुमनकाकूंना मी कधी पाहिलंसुद्धा नाही. पण त्या बाटल्या राखणारा मी होतो, आणि काका शेवटचे दोन महिने नकळत माझ्यावर काकूंइतकंच प्रेम करत होते.