मामाची टोपी आणि साहेबांचे टोप

निघताना पिशवीत लसणाची चटणी होती आणि कोरी पांढरी टोपी. आमच्यात आई गेली की तेराव्याला मामा भाच्याच्या डोक्यावर टोपी घालतो, मग दुखवटा संपतो. माझा मुलगा दिलीप अमेरिकेत; आई गेली तेव्हा त्याला रजा मिळाली नाही. टोपी डब्यातच राहिली. त्याचा मामा, म्हणजे माझा मेव्हणा, म्हणाला, "दाजी, तुम्हीच घाला तिकडं जाऊन."

ओहायोतलं डब्लिन म्हणजे गवत कापत बसलेल्या लोकांचं गाव. माणूस रस्त्यावर दिसत नाही. दिलीपनं बॅगा टेकायच्या आत मला बेसमेंटमध्ये (घराखालच्या खोलीत) नेलं. काचेच्या कपाटात टोप! दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन घोडदळातल्या साहेबांचे. मूळच्या लोकांना हुसकून त्यांच्या जमिनी घ्यायला निघाले, आणि डोक्यावर काय, तर कोंबड्यासारखा पिवळा तुरा!

"आबा, हात नका लावू. ग्लोव्हज लागतात."

मी टोपी पुढं केली. ती त्यानं ग्लोव्हज घालूनच घेतली आणि कपाटात ठेवली. "इथं सेफ राहील."

"अरे, ती डोक्यासाठी आहे."

"नंतर बघू, आबा."

रविवारी फ्ली मार्केटला (जुन्या वस्तूंच्या बाजाराला) गेलो. वाटेत साखरेत लोळवलेला भोकाचा वडा खाल्ला. दात शिवशिवले. बाजारात एका दाढीवाल्या म्हाताऱ्याकडं काळी, रुंद काठाची हॅट होती. त्यानं हसत ती माझ्या डोक्यावर ठेवली.

"आबा, काढा! तेल लागेल!" दिलीप किंचाळला.

म्हाताऱ्यानं हॅट उलटी करून आतली काळी पडलेली चामडी पट्टी दाखवली. दिलीपचा चेहरा उजळला. "बघा आबा, ऑफिसरचा ओरिजिनल घाम!"

"काठाला भोक आहे. गोळी लागली का?"

दिलीपनं इंग्रजीत विचारलं. म्हातारा खो खो हसला. "कसर लागलीय म्हणतो," दिलीप पडेल आवाजात म्हणाला. तरी घेतलीच.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण परक्याचा घाम जपायचा आणि आईचं सुतक काचेत ठेवायचं, हे शिकायला कुठल्या कॉलेजात जावं लागतं, ते मला अजून कळलेलं नाही.

निघायच्या दिवशी म्हटलं, "कपाट उघड." तो ग्लोव्हज शोधायला लागला.

"ते राहू दे. खाली बस."

बसला. मी टोपी घातली. मामानं शाळकरी पोराच्या मापाची आणली होती, कपाळाला रुतली. "आईला काय झालं होतं शेवटी?" त्यानं पहिल्यांदाच विचारलं. मी सांगितलं. सगळं. विमानतळापर्यंत त्यानं गाडी टोपी घालूनच चालवली. उन्हाचे दिवस, वर काच बंद.

गावी उतरल्यावर मेव्हण्यानं आधी तेच विचारलं. "दाजी, टोपी बसली का?"

"घट्ट झाली," मी म्हटलं. "पण घाम लागलाय तिला. आता ठेवू दे कपाटात."