सगुणाबाईंची झाकलेली बादली

सगुणाबाईंच्या परसात माठ, मुळा, वांगी, सगळं होई. खाडीकाठच्या ज्या गावातून त्या पेणला आल्या, तिथे बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं होतं. तीन वर्षं गवतही उगवलं नाही. म्हणूनच असेल, आमच्या आळीतल्या भाड्याच्या खोलीमागची वीतभर जागाही त्यांनी रिकामी ठेवली नाही. दुकानातलं खत नाही, फवारा नाही. पाला आणि शेण खड्ड्यात कुजवायचं, तेच वाफ्यांना घालायचं.

१९९६ साली डॉक्टरांनी माझ्या मुलीच्या, दिशाच्या अंगात रक्त कमी असल्याचं सांगितलं. पालेभाज्या द्या म्हणाले. बाजारातल्या भाजीवर काय मारलेलं असतं कोण जाणे, म्हणून मी सगुणाबाईंकडचा माठ आणू लागले.

मग ती बादली दिसली. सगुणाबाई गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जात. परतताना हातात बादली, बादलीच्या तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. खड्ड्यात ओतण्याआधी त्या इकडेतिकडे बघत. कारखान्यात ब्रश धुतलेलं पाणी किती निघतं ते मी पाहिलं होतं. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र होतं, त्यामुळे रंगात काय असू शकतं तेही ठाऊक होतं. आठवडाभर मी माठ आणून गुपचूप उकिरड्यावर टाकला. पण आधीच्या जुड्या दिशाच्या पोटात गेल्या होत्या, त्यांचं काय?

शेवटी एका संध्याकाळी त्या बादली घेऊन परतल्या तेव्हा त्यांना कुंपणाशी गाठलं. समोरच्या माळकरी बायजाबाई भाजी घ्यायला आल्या होत्या. मी सरळ विचारलं, "हे रंगाचं पाणी ना?"

सगुणाबाईंनी बायजाबाईंकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, नंतर सांगते. मी ऐकेना. माझी मुलगी हे खाते, आत्ताच सांगा म्हटलं.

त्यांनी फडकं सोडलं. पाण्यावर खवले तरंगत होते.

"मावरा धुतलेला पानी हाय, वयनी. बाजारान कोळणींकडना आणते. रंग कशाला घालीन? माझी पोरा पन हाच खातान."

बायजाबाईंनी हातातल्या दोन जुड्या कुंपणावर ठेवल्या. "चार वर्सं देवाला ह्याच भाजीचा निवद दाखवला गो मी," एवढंच म्हणून त्या गेल्या. दुसऱ्या दिवसापासून आळीतलं एकही माळकरी घर भाजीला आलं नाही.

मी चुकले म्हटलं. सगुणाबाईंनी त्या जुड्या माझ्या हातात दिल्या. "पोरीला घाला. आता भाजी उरंलच."

त्या रात्री दिशाला माठ वाढला. पण आधी तीन पाण्यांनी धुतला, आणि दाराआड उभं राहून मुळं नाकाशी धरली. नुसता मातीचा वास होता. तरी पुन्हा एकदा हुंगून पाहिलं.