खुराक तोडलेली गाठ

आक्काच्या स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली, तेव्हा शहरातल्या डॉक्टरबाईंनी आम्हा बहीणभावांना पडद्यासमोर बसवून रंगीत बाण दाखवले. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात. बाहेरून वाढीचे घटक येऊन त्यांना चिकटतात, मग आत निरोप जातो आणि एका पेशीच्या दोन होतात. आक्काच्या गाठीत एका जातीचे रिसेप्टर भलतेच जास्त होते. इंजेक्शन त्यांनाच अडवणार होतं. मी जाणकारासारखी मान हलवत राहिलो. परतीच्या वाटेवर चौसाळा गाव येईपर्यंत डोक्यात नुसते बाण उरले होते.

आक्का धारूरच्या डोंगराकडेला शेळ्या पाळते. तिला सगळं समजलं होतं, निदान तिला तसं वाटलं.

पुढच्या इंजेक्शनच्या वेळी बाईंनी तिला काट्यावर पुन्हा पुन्हा उभं केलं. "मावशी, वजन असंच उतरलं तर औषध थांबवावं लागेल. जेवत नाही का?"

"कावून जेवू? शेळीचं दूध आटवायचं झालं की आमी खुराक तोडतो. कास आपुआप उतरती. दूध सोडलं, तूप सोडलं, भाकर अर्धीच खाते. तुमीच म्हणला न्हवं, वाढीचं बाहेरून येतं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं. खरं तर मला आक्काचं म्हणणं पटलं होतं.

"तुमच्या गाठीतला हा रिसेप्टर बाहेरच्या कुणाची वाट बघत नाही," बाई म्हणाल्या. "गर्दी इतकी झालीय की ते एकमेकांना चिकटून आपणच निरोप सोडतात. उपाशी तुम्ही राहता, गाठ नाही."

आक्का काट्यावरून खाली उतरली. "म्हंजी पुढारी आलाच न्हाई, तरी घोषणा चालू."

"अगदी तसंच."

"अन् इंजिक्शन?"

"घोषणा देणाऱ्यांची तोंडं धरतं."

"समद्यांची?"

"जमेल तितक्यांची. आज देते. पण पुढच्या वेळी वजन भरलेलं पाहिजे."

बाई पहिल्यांदाच बाणांशिवाय बोलल्या, आणि नेमकी तेव्हाच मला जास्त भीती वाटली. आपल्याच अंगात कुणाच्या हुकमाविना हे चालतं, तर थांबवायला सांगायचं कुणाला? विचारणार होतो, पण प्रश्न धड जुळेना.

इंजेक्शन झाल्यावर आक्का दवाखान्यासमोरच्या टपरीवर बसली. नुसत्या दुधाचा चहा मागितला, वर दोन पाव. माझा कप तसाच निवत होता.

"पी की," ती पाव बुडवत म्हणाली. "तुझा कुणी खुराक तोडलाय?"