दोन चंद्रांखालचं जंगल

कुंभार पिंपळगावच्या शिवारात कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट सुरू झाले तेव्हापासून उषाबाई खरातांचा उजवा अंगठा म्हणजे एक प्रकरणच होतं. क्रॉसिंगचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हे सांगायला हवं. उद्या फुलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची. अंगठ्याचं नख तिच्या बुडाशी घालायचं आणि पाकळ्यांसकट नराचा सगळा पिवळा भाग सोलून काढायचा. आतला कोवळा दांडा तेवढा शाबूत राहिला पाहिजे, त्याला ओरखडा गेला की कळी वाया. मग तिच्यावर लाल कागदाची टोपी घालायची, म्हणजे मधमाशीनं मधे लुडबुड करायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतलं फूल आणून त्या दांड्यावर फिरवायचं, देठाला दोरा बांधायचा, की लागलं लग्न. उषाबाई एका दुपारी सहाशे कळ्या सोलायच्या आणि त्यांतल्या दहासुद्धा खराब निघायच्या नाहीत. या कामात त्यांचा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती.

म्हणूनच त्या बारा बायांच्या टोळीच्या मुकादमीण होत्या. अंगठ्याला जेवढी धार, त्याच्या दुप्पट जिभेला. “कळी सोलून राह्यली का भेंडी चिरून राह्यली गं?” असं त्यांनी विचारलं की नवीन बाईच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि आठ दिवसांत तीच बाई पटाईत व्हायची. शिवी खाऊन शिकली नाही अशी बाई उषाबाईंच्या टोळीत सापडायची नाही.

यंदा एप्रिलमध्ये, जयंतीची मिरवणूक होऊन तीन दिवस झाले असतील, सकाळी चहा पिता पिता उषाबाईंच्या हातातून कप सुटला. त्यांनी तो उचलायला हात पुढे केला, तर हात पुढे जाईना. नवरा कचरू आणि सून साधना यांनी तसंच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वेळेत पोचल्यामुळे निभावलं. पाय सावरला, तोंड सरळ झालं, जिभेला तर काही झालंच नव्हतं, असं कचरू दवाखान्यातच सगळ्यांना सांगत सुटला. उजवा हात मात्र खांद्याला लटकलेला राहिला. खांद्यातून उचलता यायचा, पण बोटं ऐकायची नाहीत.

व्यायाम शिकवणाऱ्या अक्षता मॅडमनी एक मऊ चेंडू दिला आणि दिवसभर दाबत राहा म्हणून सांगितलं. उषाबाईंनी तो आठ दिवस दाबला आणि नवव्या दिवशी खाटेवर टाकून दिला. दुपारपर्यंत शेळीनं त्याचा अर्धा भाग खाल्ला. “तिला तरी उपयोग झाला,” उषाबाई म्हणाल्या.

जुलैत प्लॉटवाले पुंजाराम घरी आले. माणूस भला. खाटेवर बसले, चहा घेतला, तब्येतीचं विचारलं आणि चपलेकडे बघत मुद्द्यावर आले.

“उषाबाई, पोळ्याच्या आत क्रॉसिंग चालू होईल,” ते म्हणाले. “तवर हात आला, तर टोळी तुमचीच. न्हाई आला, तर मला दुसरी मुकादमीण बघावी लागंल. वाईट वाटून घेऊ नका.”

“बराबर हाये,” उषाबाई म्हणाल्या.

बराबर होतं, हेच तर दुखणं होतं. पुंजाराम खोटं बोलले असते तर त्यांना चार शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण पहिल्या दिवशी पहिली ओळ मुकादमिणीनं सोलायची आणि बाकीच्यांनी ती बघून हात बसवायचा, ही या कामाची रीत. नुसत्या तोंडानं टोळी चालत नाही. कचरू म्हणाला, “तुझं तोंड दोन हातांच्या बरोबरीचं हाये,” त्यावर त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. ते दोन दिवस बरे गेले असं कचरूनं शेजारी सांगितलं, पण ते काही खरं नव्हतं. त्याला त्या दोन दिवसांत जेवणच गेलं नाही.

अशात साधनानं शाळेतून दोन पोती भरून प्लॅस्टिकचे ठोकळे आणले. साधना गावातल्याच शाळेत पाचवीला शिकवते. विज्ञानकथा वाचायचं तिला वेड, भाकरी तव्यावर करपते आणि ही मंगळावर असते. पंधरा ऑगस्टला शाळेत देखावे मांडायचे ठरले होते आणि हिनं आपण होऊन विषय मागून घेतला होता, परग्रहावरचं जंगल. एकात एक अडकवायचे ते ठोकळे, खडखड आवाज करत पोत्यातून ओतले गेले आणि अर्धी ओसरी भरून गेली. उषाबाई खाटेवरून बघत होत्या.

“शिकून सवरून पोरांचे खेळ,” त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. पण खाटेवर पडलेल्या माणसाला दुसरं बघायला तरी काय असतं? चौथ्या दिवशी त्यांना राहवेना.

“ही निळी गोल गोल काय लावून राह्यली?”

“फुलं आहेत, आत्या. या ग्रहाला दोन चंद्र आहेत आणि सूर्य लाल आहे. म्हणून पानं जांभळी, फुलं निळी.”

“असतील. पण याच्यात नर कोणता?”

साधनाचा हात थांबला. “नर?”

“सगळ्या माद्याच लावून ठेवल्या. मंग बी कुठून धरंल? पुढच्या साली काय खाईल तुझा ग्रह?”

“मधमाश्या असतील ना.”

“कुठंयत? एक तरी दाखव.”

दोन पोत्यांत एकही मधमाशी नव्हती. पण साधना मास्तरीण होती. मास्तर लोकांना अडचणीतून वाट काढता येते. “नाहीतच,” ती म्हणाली. “या ग्रहावर माशी नाही, किडा नाही, काही नाही.”

“मंग क्रॉसिंग कोण करतं?”

हा प्रश्न तिनं वाचलेल्या कुठल्याही विज्ञानकथेत कुणी विचारला नव्हता. साधनानं सासूकडे नीट पाहिलं, मग ठोकळे अडकवायचा हिरवा पाट उचलून खाटेजवळ सरकवला आणि पर्स खांद्याला लावली. “मला काय माहीत? मी शाळेत चालले. मी येईपर्यंत तुम्हीच ठरवा.”

उषाबाईंनी त्या दिवशी पाटाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी एक पांढरं फूल डाव्या हातानं लावलं, नर म्हणून. नर एकटा कसा राहील म्हणून आणखी लावले. उजवा हात पाट हलू नये म्हणून त्यावर नुसता ठेवलेला. ठोकळा घट्ट बसावा म्हणून वरून तळहातानं रेटायचं. पोत्यात काचेची टोपडी घातलेले अंतराळवीर निघाले, त्यांना त्यांनी क्रॉसिंगच्या बाया ठरवून जुन्या कापडाच्या चिंध्यांचे लांब बाह्यांचे शर्ट बांधले. ग्रह कोणताही असो, कपाशीत उघड्या हातानं गेलं की हात खरचटणारच. एका झाडाखाली इवलेसे डबे मांडले, कारण बाया आल्या म्हणजे जेवणार. चार दिवसांत पाट भरला.

रविवारी साधना समोर येऊन बसली आणि पाट इकडून तिकडून फिरवून बघू लागली.

“काय झालं?” उषाबाईंनी विचारलं.

“फार सुरेख झालंय, आत्या. पण यात जंगल कुठंय?”

“हे काय.”

“हा प्लॉट आहे.”

उषाबाईंनी नीट पाहिलं. एका बाजूला नराच्या दोन ओळी, मग मादीच्या आठ. मधे फिरायला वाट. दोन झाडांमधलं अंतर असं, की दोरी लावून तपासून घ्यावं. कडेला बांध, बांधाच्या टोकाला पाण्याची टाकी, आणि पुंजारामांचं पत्र्याचं शेडसुद्धा. दोन चंद्रांखाली, लाल सूर्याच्या उजेडात, उषाबाईंनी कुंभार पिंपळगावचा बियाण्याचा प्लॉट पेरून ठेवला होता. कचरू हसता हसता ठसकला. “मानूस चंद्रावर गेलं तरी वखर घेऊनच जाईल,” तो म्हणाला.

“जंगलात कुणी पेरत नाही, आत्या,” साधना हळूच म्हणाली. “जे जिथं पडतं ते तिथं उगवतं.”

उषाबाई चिडल्या, आणि चिडण्याच्या खाली त्यांना वाईट वाटलं. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी जंगल पाहिलंच नव्हतं. ऊस, कपाशी, तूर, जे पाहिलं ते ओळीत पाहिलं आणि तेही दुसऱ्याच्या रानात. ओळ नसलेलं हिरवं कसं दिसतं हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं.

“सगळं काढावं लागंल मंग,” त्या म्हणाल्या.

“शाळेत ठोकळे काढायचा चिमटा आहे. उद्या आणते.”

“काही नको. म्या लावलं, म्या काढीन.”

लावणं सोपं होतं. तळहातानं रेटून रेटून त्यांनी एकेक फूल असं बसवलं होतं, की आता निघता निघेना. निळं फूल हिरव्या खुंटीवरून काढायचं तर दोघांच्या मधल्या फटीत नख घालावं लागायचं. सोमवारी दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी डाव्या अंगठ्यानं वीसेक फुलं काढली आणि एकविसाव्याला नख मोडलं. त्या शिव्या देत थांबल्या. आणि मग, कसं ते त्यांनाही कळलं नाही, डाव्या हातानं झाड धरलं आणि उजवा अंगठा फुलाच्या बुडाशी गेला.

नख फटीत बसलं, पण जोर येईना. घसरलं. पुन्हा घातलं, पुन्हा घसरलं. दहा-बारा वेळा असं झालं. तोंडाला कोरड पडली, मानेवरून घाम उतरला. मग एकदम टक्‌ करून फूल उडालं आणि खाटेखाली घरंगळत गेलं. हिरवी खुंटी जागच्या जागी उभी होती, शाबूत. उषाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्या रडल्या, चांगल्या हुंदके देऊन. दाराशी शेळी होती, बाकी कुणी नव्हतं, म्हणून बरं.

संध्याकाळपर्यंत सात निघाली. मंगळवारी सोळा. घरात त्यांनी अवाक्षर काढलं नाही. नको इतक्यात, उद्या बंद पडला तर? साधनाला एवढंच दिसत होतं, की पंधरा ऑगस्ट जवळ येतोय आणि प्लॉट काही कमी होत नाही.

“आत्या, अजून निघालं नाही?”

“निघून राह्यलंय की.”

“कालही एवढंच होतं.”

एवढंच असणार. उषाबाई दिवसा फुलं काढायच्या आणि ती येण्याच्या आत सगळी परत लावून ठेवायच्या, म्हणजे उद्या काढायला मिळावीत. तिसऱ्या दिवशी साधना अर्ध्या सुट्टीत विसरलेली वही घ्यायला घरी आली, तेव्हा दारातच थबकली. सासूचा उजवा अंगठा फुलाच्या बुडाशी होता. साधना आल्या पावली मागे फिरली. वही तशीच राहिली. संध्याकाळी तिनं शाळेतून ठोकळ्यांचं आणखी एक पोतं आणलं आणि ते का आणलं हे सांगितलं नाही.

शेवटी चौदा तारखेला उषाबाईंनी सगळा पाट मोकळा केला. मग डोळे मिटून मूठभर फुलं त्यावर उधळली, हरभरा फेकावा तशी. जे जिथं पडलं तिथं झाड उभं केलं. कुठं दाटी झाली, कुठं टक्कल पडलं, एक झाड पाटाच्या बाहेर लोंबत राहिलं. साधनानं वर दोन चंद्र लटकवले. शर्ट घातलेल्या बाया तेवढ्या राहू दिल्या. शाळेत पाहुण्यांनी विचारलं, की या कोण, तर पाचवीतली आकांक्षा म्हणाली, “इथं मधमाशी नाही ना सर, म्हणून या बाया आहेत. या नसल्या तर पुढच्या वर्षी जंगलच नसतं.” हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आठवड्यानं पुंजारामांचा निरोप आला. उषाबाई अंगावर कचरूचा शर्ट चढवून प्लॉटवर गेल्या. बाराही बाया बांधावर उभ्या होत्या. पुंजाराम टाकीजवळ थांबले.

उषाबाई पहिल्या ओळीत शिरल्या. कळी हेरली, नख घातलं आणि पूर्वीच्या सवयीनं झटका दिला. दांडा मोडला. दुसरीही मोडली. बांधावर कुणीतरी चुकचुकलं. तिसऱ्या कळीला त्यांनी झटका दिला नाही. आधी नख नीट बसू दिलं, मग हळूच फिरवलं. पाकळ्या अलगद हातात आल्या आणि आतला दांडा उभाच्या उभा राहिला. मग चौथी. पाचवी बिघडली. सहावी निघाली. ओळ संपायला तासभर लागला. पूर्वी याच वेळात त्यांच्या तीन ओळी व्हायच्या.

त्या ओळीच्या टोकाशी वाकून उभ्या राहिल्या, धाप लागली होती. पुंजाराम कळ्या तपासत मागोमाग आले.

“चाळीसातल्या नऊ खराब,” त्यांनी काही म्हणायच्या आत उषाबाईच बोलल्या. “हाताला वेग न्हाई. मला दिसतंय. उद्या आठ निघतील, परवा पाच. तुम्हाला थांबायचं असंल तर थांबा. न्हाई तर आत्ताच सांगा, म्या साधी मजूर म्हणून ओळीत उभी राहीन. पण घरी जाणार न्हाई.”

पुंजारामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग शेडमध्ये गेले आणि लाल टोप्यांचं बोचकं घेऊन आले. ते मुकादमिणीकडे असतं, तिच्या हातून बाया टोप्या घेतात. त्यांनी ते पुढे केलं. उषाबाईंनी उजवा हात लांबवला. बोचकं कागदाचंच, वजन असं काही नाही. बोटं एकेक करून मिटली, आणि बोचकं हातात राहिलं.

टोळीतली वंदना तोंडाला पदर लावून मुसमुसायला लागली. तिचं पाहून आणखी दोघी.

“कोणी मेलंय का इथं?” उषाबाई ओरडल्या. आवाज पार शेडपर्यंत गेला. “डोळे पुसा अन् शिरा ओळीत. जल्दी करा, ऊन उतरून राह्यलंय.”